समोरचा शुक्र

परवा कॉलेजात प्रोफेसरांनी विचारलं, शुक्रालाही चंद्रासारख्या कला असतात, त्या कशामुळे? वर्गात कोणी बोलेना. मी सहसा उठून बोलत नाही. माझी भाषा वऱ्हाडातली, आणि पुण्याची मुलं ती ऐकून ओठ दाबून हसतात. पण त्या दिवशी उठलो आणि सगळं सांगितलं. शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येऊ लागला की त्याची उजळलेली बाजू पलीकडे जाते, म्हणून आपल्याला कोर दिसते. प्रोफेसर खूश झाले. "पुस्तकात वाचलंस की दुर्बिणीतून पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"पाहिलंय. एकदा," एवढंच म्हणून मी खाली बसलो.

त्या एकदाविषयी मी इथे कोणाशी बोललेलो नाही. नीट सांगता येईल की नाही, तेही कळत नाही.

अमरावतीच्या इंग्रजी शाळेत माझ्या शेजारी जोशांचा मुलगा बसायचा. त्यांच्या घरात पंचांग सांगण्याचं काम पूर्वीपासून चालत आलेलं. आमच्या घरात वांगी, मेथी आणि झेंडू. त्या वर्षांत कापसाला असा भाव आला होता की जो तो दलाल होऊन बसला होता. माझ्या बाला वाटलं, एक पोरगं तरी इंग्रजी बोलणारं असावं, म्हणून त्याने मला शाळेत घातलं. मास्तरांनी जोशाला माझ्याजवळ बसवलं, कारण त्याला लांबचं धड दिसत नसे. फळ्यावर काहीतरी पांढरं हलतं, एवढंच त्याला कळायचं. मी पाटीवर उतरवून घ्यायचो आणि तो माझ्या पाटीवरून. बदल्यात माझी गणितं सुटायची.

माझ्या आधी त्याचे डोळे म्हणजे त्याची थोरली बहीण होती. तिला तो आक्का म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. दिवेलागणीनंतर तो कुठे निघाला की ती हात धरून न्यायची, दगड आला, नाली आली, असं सांगत. मी त्यांच्या ओट्यावर बसलो की ती वरून माझ्या ओंजळीत पाणी ओतायची आणि म्हणायची, "पी रे माळीबुवा. तुझ्या मेथीला घालतोस तेवढंच घालते." मग तिचं लग्न झालं आणि पुढे ती अकोल्याला नांदायला गेली. त्यानंतर संध्याकाळी तो माझा हात धरू लागला.

खगोलाचं पुस्तक मास्तरांनी आम्हा दोघांनाच दिलं. बाकीच्यांना कापसाच्या वजनांची गणितं हवी होती. ते पुस्तक आम्ही आमच्या मळ्यात, मोटेच्या धावेवर पडून वाचायचो. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात ती धाव. त्या उतारावर पाठ टेकली की मान न दुखता आभाळ दिसतं. उजेड असेतो वाचायचं आणि चांदण्या निघाल्या की मी बघायचं, त्याने सांगायचं. तारे कुठे असणार ते त्याला तोंडपाठ होतं, पण त्याने एकही धड पाहिलेला नव्हता.

"वर उत्तरेला सात तारे बघ. सप्तर्षी," तो म्हणायचा.

"ते तर खाटलं आहे. चार खूर, अन् मागं तीन चोर."

"अरे, सात ऋषी आहेत ते! खाटलं काय म्हणतोस?"

"मग तुमचे ऋषी निजतात कशावर?"

तो खो खो हसायचा. मग पुस्तक काढून आम्ही वाचायचो की ऋषीही नाहीत आणि खाटलंही नाही, सात सूर्य आहेत.

त्याच सुमारास आगगाडीच्या रस्त्याची मोजणी करणारे लोक बडनेऱ्याच्या अलीकडे तंबू ठोकून राहिले होते. त्यांना भाजी आमच्या मळ्यातून जायची आणि ती घेऊन पहाटे मी जायचो. तिथे तिपाईवर बसवलेली एक दुर्बीण होती. तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. लांब काठी धरून उभा असलेला माणूस आभाळात पाय करून लटकलेला दिसे. तिथला एक कारकून भला होता. दसरा झाल्यावर एकदा मी जोशाला बरोबर नेलं आणि त्या कारकुनाला विनवून दुर्बीण पूर्वेकडे वळवून घेतली. शुक्र नुकताच तिकडे उगवू लागला होता.

जोशाने डोळा लावला.

"दिसतो का रे?" मी विचारलं.

"कोर आहे," तो म्हणाला. "अरे, चंद्राची असते तशी कोर आहे. कडा किती धारदार आहे." मग डोळा न काढताच म्हणाला, "तुम्हा लोकांना सगळं रोज असंच दिसतं?"

मी पाहिलं तेव्हा मलाही कोर दिसली. पण मी तोवर हजार चांदण्या पाहिल्या होत्या. त्याची ती पहिली. वाटेने परत येताना तो दोनदा ठेच लागून पडला आणि दोन्ही वेळा हसत उठला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती.

आक्काला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून सातव्या महिन्यात तिला अमरावतीला आणायचं ठरलं होतं. तिच्या सासूचा हात सुनांवर जड होता. तिकडे बाळंत झालेली मोठी जाऊ खाटेवरून पुन्हा उठली नव्हती, हे जोशाच्या आईला ठाऊक होतं. कुणासमोर ती ते बोलत नसे. आम्ही ओट्यावर असलो की आतून तिचा आवाज यायचा, "काहीही करा, पण लेकीला घेऊन या."

अडचण शुक्राची होती. शुक्र ज्या दिशेला दिसतो त्या दिशेने नवी सून, पोटुशी किंवा तान्ह्या लेकराची आई प्रवासाला काढत नाहीत. समोरचा शुक्र वाईट. अकोल्याहून अमरावतीला यायचं म्हणजे तोंड उगवतीला, आणि शुक्र पहाटे उगवतीलाच. तो तिथून हलायला उन्हाळा संपणार होता. जोशाचे वडील सगळ्या पंचक्रोशीला हाच नियम सांगत आलेले. कितीतरी बापांना त्यांनी याच कारणाने थांबवलं होतं. अकोल्याचे व्याही ते जाणून होते आणि त्यांचाच नियम त्यांना ऐकवत होते.

पण शास्त्रात एक सवलत आहे. चंद्र रेवती नक्षत्रात शिरला की कृत्तिकेच्या पहिल्या चरणापर्यंत शुक्र आंधळा होतो. तेवढे दिवस त्याला समोरचं काही दिसत नाही आणि बाईमाणूस त्याच्यासमोरून जाऊ शकतं. जोशाच्या वडिलांनी ते दिवस काढले. तुळशीचं लग्न लागलं की लगेच, कार्तिकी पुनवेच्या आत. त्यांनी अकोल्याला निरोप धाडला. व्याह्यांनी तिथल्या जोशांना विचारलं आणि ते हो म्हणाले. त्याच्या पुढच्या आंधळ्या दिवसांत तिला आठवा लागला असता, आणि आठव्यात कोणी हलवत नाही. म्हणजे आणायची तर आत्ताच.

गाडी मिळेना. वऱ्हाडातली बैलगाडी न् बैलगाडी कापूस वाहत होती आणि गाडीवाले बाजीरावासारखे बोलत होते. शेवटी आमची भाजीची गाडी काढली. जोशाच्या आईने ती धुवून घेतली, तरी मेथीचा वास काही गेला नाही. गाडी माझ्या काकाने हाकायची, बरोबर जोशा आणि मी. त्याचे वडील दम्याने बेजार होते, ते येऊ शकले नाहीत. निघताना ते लेकाला म्हणाले, "तिथे फार बोलू नकोस. जेवायचं, नमस्कार करायचा, बहिणीला घ्यायचं आणि निघायचं."

मूर्तिजापूरच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग संपतच नव्हती. बोंडं सांडून रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या झाल्या होत्या. जोशा वाटभर शुक्राचंच बोलत होता. काका ऐकून ऐकून कंटाळला.

"पंडितजी, एक सांगा मले," काका म्हणाला. "तो शुक्र गोळाच आहे अन् त्याले डोळेच नाईत म्हणता. मग हे आंधळे दिवस कावून पाहून राहिले तुमी?"

"ते बाबांसाठी, काका. अकोलेकरांसाठी."

"हाव. मंग तिथं आंधळाच राहू द्या त्याले," काका म्हणाला आणि बैलाची शेपटी पिरगाळली.

अकोल्याला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. आक्काचे सासरे पूर्वी कचेरीत लिहिणारे होते, आता कापसाच्या अडतीत बसू लागले होते. ओसरीवर नवी गादी, नवी समई. आम्हाला पाहून ते मोकळेपणाने बोलले. मला ओसरीच्या कडेला जागा दिली, काकाला बैल सोडायला मागच्या अंगणात पाठवलं. आक्का आतल्या दारात क्षणभर दिसली. ती फार सुकली होती, पोट तेवढं पुढे. तिने भावाकडे पाहून नुसती मान हलवली. दाराशी तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं मला दिसलं. पहाटे निघायचं होतं.

जेवणं झाली. सासरे सुपारी कातरत म्हणाले, "काय जोशीबुवा, इंग्रजी शाळेत काय शिकवतात? का नुसतं टोपी घालायला?"

सगळे हसले. जोशाही हसला. त्याने ते हसण्यावारी नेलं असतं तर. पण शेजारून दोघेतिघे येऊन बसले होते आणि सासरे पुन्हा म्हणाले, "सांग, सांग. आमच्यातल्यांना एकदा कळू दे, साहेबाच्या विद्येत काय आहे ते."

जोशाने गादीच्या उसवलेल्या शिवणीतून कापूस ओढून त्याचा लहान गोळा वळला.

"अरे अरे, पेटवशील!" सासरे म्हणाले. "भाव ठाऊक आहे का त्याचा?"

"हा शुक्र," जोशा म्हणाला आणि समईभोवती तो गोळा फिरवू लागला. "ही वात म्हणजे सूर्य. आता माझ्या जागेवरून बघा. पलीकडे गेला की सगळा उजळलेला. जवळ आला की नुसती कड. मी पाहिलाय, दुर्बिणीतून. कोर असते." त्याचा चेहरा इतका उजळला होता की शेजारचे लोकही पुढे सरकून बघू लागले. मीही बघत होतो. मला त्या वेळी अभिमानच वाटत होता, हे खरं. "तो पूर्वेलाही नसतो आणि पश्चिमेलाही नसतो. तो सूर्याभोवती असतो. समोर, मागे हे आपल्याकडून."

"वा," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "म्हणजे तो कोणाकडे बघत नाही."

"बघणार कसा? मातीचा गोळा आहे."

"मग आंधळा होतो तो कसा?"

जोशाचा हात थांबला.

"नाही, मी विचारतो," सासरे म्हणाले. "ज्याला डोळेच नाहीत तो चार दिवस आंधळा कसा होतो? तुझ्या वडिलांचा निरोप आहे, रेवती ते कृत्तिका शुक्र आंधळा. मी त्यांचं ऐकलं. जाणत्या माणसाचा शब्द आहे म्हणून ऐकलं. आता त्यांचाच मुलगा सांगतो, हे सगळं खोटं."

"मी खोटं म्हटलं नाही. बाबांचं शास्त्र…"

"खरं असेल तर तुझी दुर्बीण खोटी. कोणतं ते तू सांग."

जोशाने माझ्याकडे पाहिलं. बाबांचं खरं म्हणावं, तर कोर आपल्या डोळ्यांनी पाहिलेली. कोर खरी म्हणावी, तर बाबांनी लेकीसाठी शास्त्र वाकवलं असं होतं. तो खोटं बोलायला शिकलेला नव्हता. एरवी मला त्याचा तोच गुण आवडायचा.

"कोर मी पाहिली आहे," तो हळू म्हणाला.

सासरे उठले. "मग समोरच्या शुक्रात माझी सून मी काढणार नाही. दुसऱ्यांच्या लेकी तुझ्या बापाने थांबवल्या. स्वतःची आली की शुक्र आंधळा, आणि मुलगा म्हणतो शुक्राला डोळेच नाहीत. या घरात एकच नियम चालेल."

नंतर पुष्कळ विनवण्या झाल्या. जोशाने पाय धरले, म्हणाला, मी मूर्ख आहे, मला काही कळत नाही. मागून आलेला काका अंगणातूनच म्हणाला, "बापा, पोट्टे हाये ते. पोट्ट्याच्या बोलण्यावर काय जाता?" पण शेजाऱ्यांसमोर झालेलं बोलणं होतं. सासरे ते मागे घेणार नव्हते. मला वाटतं, शेजारी नसते तर कदाचित घेतलं असतं.

पहाटे काका बैल जुंपत होता तेव्हा आक्का मागच्या विहिरीवर आली. आम्हा दोघांनाही तिच्याकडे बघवेना.

"कुठे आहे रे तो?" तिने भावाला विचारलं.

भावाला दिसतच नव्हता. मी बोट दाखवलं. उगवतीला शुक्र अगदी ढळढळीत होता.

"आणि तुला कोर दिसली? खरंच, तुझी तुला?"

"दिसली, आक्का."

"मग भरत जातो का तो, चंद्रासारखा?"

"भरतो. पण लांब जात जात भरतो. पुरता भरेपर्यंत उन्हाळा येईल."

"तोपर्यंत मी मोकळी झालेली असेन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माळीबुवा, उजाडेपर्यंत याचा हात धर. वाटेत नाले आहेत."

कोणीतरी आतून हाक मारली आणि ती घागर न भरताच गेली.

रिकामी गाडी घेऊन आम्ही आलो. जोशाच्या वडिलांनी दारातूनच गाडीत पाहिलं. काय झालं ते मुलाने सगळं सांगितलं, एक शब्द न चोरता. ते रागावले नाहीत. खोकत राहिले. आई मात्र आतून बाहेर आलीच नाही.

माघात आक्का गेली. मूलही गेलं. निरोप आला तेव्हा आम्ही शाळेत होतो. जोशाने पाटी माझ्याजवळ ठेवली, घरी गेला आणि पुन्हा आला नाही. मास्तर दोनदा त्याच्याकडे जाऊन आले. खगोलाचं पुस्तक त्याने त्यांच्या हाती परत पाठवलं. शुक्र उन्हाळाभर उगवतीलाच होता. मग दिसेनासा झाला आणि दिवाळीच्या सुमारास मावळतीला चांगला वर आला. अकोल्याची वाट मोकळी झाली, पण तिकडून आणायचं कोणी उरलं नव्हतं. मी धावेवर जाणं सोडलं.

पुढे कापसाचा भाव पडला, दलाल नाहीसे झाले. मी मास्तरांच्या खटपटीने पुण्याला आलो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो होतो. माझी बहीण आर्वीला दिलेली आहे, तिला दिवस गेले होते, तिला आणायचं होतं. बा म्हणाला, "चाल माह्यासंगं, जोशीबुवाले विचारून येऊ." जोशीबुवा म्हणजे आता तोच. त्याचे वडील वारले. दिवेलागणीला तो ओट्यावर बसला होता, पंचांग डोळ्यांशी अगदी टेकवून. मला पाहून थोडं हसला. पंचांगात सगळं लिहिलेलं होतं, तरी म्हणाला, "तू बघ. मावळतीला दिसतो का?"

मी पाहिलं. चिंचेच्या वर मोठा, स्थिर, पिवळसर.

"आहे," मी म्हणालो.

"आर्वीहून इकडे म्हणजे समोरच," तो बाला म्हणाला. "आंधळे दिवस कालच संपले. आता पुढच्या महिन्यात."

"पुढल्या महिन्यात तिले आठवा लागते, महाराज."

"मग नका आणू."

"काई वाट नाई का?" बाने विचारलं. जोशाने मान हलवली. बा गाडीकडे गेला.

मी मागे राहिलो. म्हटलं, "अरे, तुला तर ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. मी हो म्हणतो, चल. आर्वीचे लोक तिथल्या जोशाला विचारतील. तो म्हणेल, अमरावतीचा तोच ना, ज्याच्या घरातला शुक्र सोयीप्रमाणे आंधळा होतो? अकोल्याची गोष्ट इकडे सगळ्यांना माहीत आहे. मी नाही म्हटलं तर तेवढं लोक मानतात. माझं हो कोणी मानत नाही." त्याने पंचांग मिटलं. "बहिणीला सांग, तिथेच चांगली सुईण बघा म्हणावं."

बाने गाडीतून हाक मारली. मी ओट्यावरून उतरलो तेव्हा तो मावळतीकडे तोंड करून बसला होता, जिथे त्याला काही दिसत नव्हतं तिकडे.

"आत्ता अर्धा असेल," तो म्हणाला. "उतरायला लागला असेल. कोर कळते का रे, नुसत्या डोळ्यांना?"

"नाही," मी म्हणालो. "नुसता ठिपका दिसतो."